नूर इनायत खानवर व्हिडिओ बनवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

नावं घेत नाही. एकाच चॅनलची गोष्ट असती तर घेतलंही असतं, पण गेल्या महिन्याभरात तुमच्यासारख्यांचे सात-आठ व्हिडिओ बघून झालेत आणि सगळ्यांत तेच ते धडधडणारं म्युझिक, तोच तो घोगरा आवाज, थंबनेलवर तीच ती लाल अक्षरं. "हिटलरला घाम फोडणारी भारतीय राजकन्या." "टायगरची नात." सुरुवात झाली भाचीमुळे, नववीत आहे, तिने मला दीड मिनिटाचं रील पाठवलं आणि खाली विचारलं, मावशी हे खरंय का? नूर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलेली वायरलेसवाली हेर. मी लिहिलं, थोडं खरंय. मग तिचा दुसरा प्रश्न आला, एवढी भारी होती तर पकडली कशी गेली?

आता याचं उत्तर तुमच्या एकाही व्हिडिओत नाही. म्हणजे एका बाईने पैशासाठी आणि मत्सरापोटी फितुरी केली हे आहे, ते तुम्ही फार चवीने सांगता, पण ते फार तर अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं सांगायला घेतलं की ज्यांनी तिला नंतर मेडल दिलं त्यांचीच अब्रू जाते. म्हणून हे पत्र. लांबलंय, आधीच सांगते.

पहिल्यांदा ते राजकन्या प्रकरण मिटवू. नूरचे वडील इनायत खान बडोद्याचे, १८८२ चा जन्म, गायक आणि वीणावादक, पुढे युरोप-अमेरिकेत सूफी गुरू म्हणून नावाजले. त्यांच्या आईचे वडील म्हणजे मौलाबक्ष, सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८८६ साली बडोद्याला गायनशाळा सुरू झाली ती ज्यांच्यामुळे, तेच. या मौलाबक्षांची बायको टिपू सुलतानाची नात, असं त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. म्हणजे नूर टिपूची नात नव्हे, टिपूच्या नातीची पणती. आपल्याकडे नात्यांना इतके नेमके शब्द आहेत, वापरा की जरा. आणि मला विचाराल तर गाणं कागदावर लिहून शिकवता यावं म्हणून आयुष्यभर खटपट केलेला तो पणजोबा जास्त जवळचा आहे या पोरीला, कारण ती पुढे जे काम करायला गेली ते बोटांचं आणि कानांचंच होतं. पण पणजोबाला व्ह्यूज नाहीत, वाघाला आहेत.

जन्म मॉस्कोचा, १ जानेवारी १९१४. आई अमेरिकन, ओरा रे बेकर, लग्नानंतर अमीना बेगम. काही वर्षं लंडनला, मग पॅरिसला खेटून असलेल्या सुरेनला, तिथल्या एका घरात जे वडिलांच्या एका शिष्येने दिलं होतं आणि ज्याचं नाव फझल मंझिल. चार भावंडांत ही थोरली. १९२७ च्या फेब्रुवारीत वडील दिल्लीत गेले, तिकडेच निजामुद्दीनजवळ त्यांची कबर आहे. नूर तेव्हा तेरा वर्षांची, आणि आईने त्या धक्क्याने असं अंथरूण धरलं की घर हिच्यावर आलं, धाकट्यांचं जेवणखाण, शाळा, कपडे, सगळं. हे तुमच्या व्हिडिओत तीन सेकंदात उरकतं, "बालपणी पितृछत्र हरपलं" असं म्हणून, पण मला वाटतं तिची पुढची सगळी गोष्ट इथेच सुरू होते. बाकीचे कोलमडले की आपण उभं राहायचं आणि त्याबद्दल बोलायचं नाही, ही सवय तिला तेरा वर्षांपासून होती.

शिकली काय, तर सोरबॉनमध्ये बालमानसशास्त्र, शिवाय संगीत. हार्प वाजवायची, वीणाही. लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची, त्या फ्रेंच पेपरात छापून यायच्या, पॅरिस रेडिओवर लागायच्या. १९३९ साली तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथा लंडनला पुस्तकरूपाने निघाल्या. त्यात ती माकडांच्या राजाची गोष्ट आहे, माणसांनी झाड वेढल्यावर जो नदीवर स्वतःच्या शरीराचा पूल करतो आणि आपल्या सगळ्या कळपाला पाठीवरून पलीकडे जाऊ देतो, आणि त्याचा वैरी माकड जो असतो तो शेवटी मुद्दाम त्याच्या पाठीवर उडी घेऊन ती मोडतो. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात हीच महाकपीची गोष्ट भिंतीवर आहे, सहलीला गेला असाल तर बघितली असेल, गाइड टॉर्च मारून दाखवतो. आता ही गोष्ट आणि तिचं आयुष्य यांची जोडी जुळवायचा मोह मलाही होतोय पण मी तुम्हालाच बोल लावायला बसलेय तेव्हा गप्प बसते. तरी माकडं पुढे एकदा येणार आहेत, माझा इलाज नाही.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन पॅरिसवर चालून आले तेव्हा हे कुटुंब बोर्दोला पळालं आणि तिथून बोटीने इंग्लंडला पोचलं. अहिंसेत वाढलेली माणसं. नूर आणि तिचा भाऊ विलायत यांनी आपसात बोलून ठरवलं ते असं की आपल्या हातून माणूस मारला जाऊ नये, पण बघतही बसायचं नाही, तेव्हा जिथे मारावं लागणार नाही पण मरायची जोखीम पुरेपूर असेल असं काहीतरी काम बघायचं. तुमच्या थंबनेलवर तिच्या हातात स्टेनगन दिलीय ना, तिथे हे वाक्य लिहून बघा कसं दिसतं.

नोव्हेंबर १९४० मध्ये ती हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली आणि वायरलेस शिकायला लागली. थंडीने बोटं सुजलेली असायची, त्यामुळे मोर्सची कळ ती इतकी जोरात हाणायची की बरोबरच्यांनी तिला त्या ठोकाठोकीवरून चिडवायचं नावच ठेवलं होतं. हार्पवर फिरणारी बोटं आणि हा कडकट्टाट. मला हा प्रसंग फार आवडतो कारण तो अजिबात सिनेमॅटिक नाही.

अजून एक, जे तुम्ही "भारतीय" असं बोंबलून सांगता आणि नेमकं हेच वगळता. १९४२ मध्ये हवाई दलात अधिकारी व्हायचा, कमिशनचा इंटरव्ह्यू झाला तेव्हा बोर्डासमोर बसून तिने स्पष्ट सांगितलं की आत्ता जर्मनीविरुद्ध ब्रिटनशी मी इमानदार आहे, पण युद्ध संपल्यावर भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहणं मला भाग पडेल. वर्ष बघा. गवालिया टँकवरून छोडो भारतचा नारा निघाला ते वर्ष. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. नाही बोलली. खोटं बोलणं तिला जमतच नव्हतं, आणि तिला घेतलं कुठे तर हेरखात्यात.

एसओई म्हणायचे त्याला, शत्रूच्या ताब्यातल्या देशात माणसं उतरवून घातपात आणि बंडखोरांना मदत करायची संघटना, ऑफिस लंडनच्या बेकर स्ट्रीटवर. त्यांच्या फ्रान्स विभागाला वायरलेस ऑपरेटर हवे होते, फ्रेंच मातृभाषेसारखं येणारे, आणि नूरला दोन्ही येत होतं. ट्रेनिंगमधले तिचे किस्से वाचले की पोटात गोळा येतो. असं सांगतात की सायकलवरून जाताना एका पोलिसाने हटकलं, काय चाललंय म्हणून, तर हिने सरळ सांगितलं की मी एजंटचं ट्रेनिंग घेतेय, हा माझा रेडिओ, दाखवू का. गेस्टापो म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, त्यांच्या चौकशीचा खोटा खोटा सराव असायचा, रात्री झोपेतून उठवून, डोळ्यांवर दिवे सोडून, त्यात ती इतकी घाबरली की बघणाऱ्यांना बघवेना. शेवटच्या रिपोर्टात ट्रेनिंगच्या मुख्य साहेबाने लिहिलं की हिच्याकडे बुद्धीचा फार भार नाही, मेहनती आहे, पण स्वभाव अस्थिर, प्रत्यक्ष कामाला लायक आहे का याची दाट शंका. यावर फ्रान्स विभागाचा प्रमुख मॉरिस बकमास्टर याने समासात शेरा मारला, मूर्खपणा. म्हणजे रिपोर्ट मूर्खपणाचा.

हा रिपोर्ट तुमच्यापैकी एकाने दाखवला, "गोऱ्या साहेबाने तिला कमी लेखलं, आणि मग तिने काय करून दाखवलं बघा" असा. बरोबर, टाळ्या मिळतात. पण मला तो रिपोर्ट दहा वेळा वाचून असं वाटायला लागलंय की त्या खडूस माणसाचं एक म्हणणं खरं होतं. तिला पाठवायला नको होतं. ती नालायक होती म्हणून नाही हो. ऑपरेटर संपत आले होते आणि जी मिळाली ती, ट्रेनिंग अर्धवट असताना, त्यांनी विमानात बसवली. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, की ती विलक्षण होती आणि तिला पाठवणं चूक होतं, पण दीड मिनिटात दोन गोष्टी बसत नाहीत हे मलाही कळतं.

कोडिंग शिकवणारा लिओ मार्क्स नावाचा विशीतला मुलगा होता, त्याने भेटण्याआधी तिचं जातककथांचं पुस्तक वाचून काढलं होतं. ती घाईघाईत संदेश कोड करायची आणि चुकायची. त्याने तिला त्या पुलाच्या गोष्टीवरून समजावलं की संदेशाचं पण माकडासारखं असतं, त्याच्यावर जोरात उडी मारलीस तर पाठ मोडते. लगेच सुधारली म्हणे. (आलं ना माकड.) त्याने अजून एक गोष्ट ठरवून दिली, ती लक्षात ठेवा, खाली लागणार आहे. संदेश ज्या अक्षरांच्या आधाराने कोड करायचा ती किल्ली कधीही अठरा अक्षरांची घ्यायची नाही. ज्या दिवशी अठरा अक्षरं येतील त्या दिवशी मी समजेन की तू पकडली गेलीस.

जायच्या आधी तिच्याबरोबरच्या काही जणींनीच वर कळवलं की हिला पाठवू नका. तेव्हा विभागातली व्हेरा अॅटकिन्स तिला जेवायला घेऊन गेली आणि म्हणाली, अजून वेळ आहे, नको असेल तर सांग, कुणी काही म्हणणार नाही. नूर म्हणाली मला जायचंय, जीव अडकलाय तो फक्त आईत. आईला तिने आफ्रिकेला पोस्टिंग आहे असं सांगितलं होतं, बहुतेक आयुष्यातलं पहिलं धड खोटं. आणि व्हेराला एवढंच मागितलं की मी मेल्याची अगदी पक्की खात्री झाल्याशिवाय आईला काही वाईट कळवू नका, तोवर खुशाली कळवत राहा. विमानतळावर निघताना तिने व्हेराच्या कोटावरच्या चांदीच्या पक्ष्याच्या ब्रोचचं कौतुक केलं, किती सुंदर आहे म्हणाली, तर व्हेराने तो काढून तिलाच देऊन टाकला.

१६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर नावाच्या छोट्या विमानातून ती अँजेजवळच्या एका शेतात उतरली. एसओईने फ्रान्सला पाठवलेली पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. सांकेतिक नाव मादलेन, कागदपत्रांवर झान-मारी रेनिये, पेशा लहान मुलांची आया. पॅरिसला ज्या पत्त्यावर जायचं तिथे एक म्हातारी बाई असेल असा तिचा समज होता, म्हणून हातात फुलं घेऊन गेली, तर दार उघडलं तरुण माणसाने, आणि ही परवलीचं वाक्य बोलायचं की नाही या विचारात अवघडून बसली. चहा करताना दूध आधी ओतलं, अगदी इंग्रजी पद्धतीने, ते शेजारच्यांनी टोकलं.

आणि आल्यापासून आठवड्यात सगळं कोसळलं. ज्या प्रॉस्पर नावाच्या जाळ्यात ती दाखल झाली त्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल २४ जूनला पकडला गेला, मग एकामागून एक बाकीचे. लंडनने कळवलं, परत ये. ती म्हणाली माझ्या जागी दुसरं कुणी येईपर्यंत नाही, कारण पॅरिस भागातला लंडनशी बोलणारा आवाज आता जवळपास तेवढा एकच उरला होता. तेरा वर्षांची असताना आईने अंथरूण धरलं ते मी उगाच वर लांबवलं नव्हतं.

आता वायरलेस म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या कारण तुमच्या व्हिडिओत ती कानाला हेडफोन लावून एका ठिकाणी बसलेली दाखवता. सूटकेसमध्ये बसणारा सेट, पंधरा किलोच्या आसपास, बरोबर लांबलचक एरियलची तार जी बाहेर झाडाला नाहीतर गच्चीला बांधावी लागायची. जर्मनांच्या गाड्या रस्त्यावरून फिरत सिग्नल कुठून येतोय ते हुंगत असायच्या, त्यामुळे एका जागी वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बसलात की गाडी दारात. ऑपरेटरचं आयुष्य सहा आठवडे धरून चालायचे. ती जवळपास चार महिने टिकली. रोज जागा बदलायची, केसांचा रंग बदलायचा, ओझं वाहत मेट्रोने जायचं. एकदा मेट्रोत दोन जर्मन सैनिकांनी विचारलं पेटीत काय आहे, तर म्हणाली सिनेमाचं मशीन आहे, आणि पेटी थोडी उघडून दाखवली, बल्ब दिसतात ना बघा. एकदा तर घराबाहेर तार बांधताना वरच्या मजल्यावर राहणारा जर्मन अधिकारी आला आणि मदत करू का विचारून त्यानेच ती फांदीला बांधून दिली, त्याला वाटलं पोरीला रेडिओवर गाणी ऐकायचीत. ज्या मुलीने पोलिसाला स्वतःहून रेडिओ दाखवायची तयारी केली होती ती ही. शिकली होती बिचारी, पण कामावर शिकली.

ऑक्टोबरच्या मध्याला फितुरी झाली. युद्धानंतर त्या बाईवर खटला झाला आणि ती सुटली, हे तुम्ही सांगत नाही, तिचा फोटो मात्र लाल वर्तुळ काढून दाखवता. पकडायला आलेल्या माणसाच्या मनगटाला नूर इतकी कडाडून चावली की त्याला फोन करून मदत मागवावी लागली. ८४ अॅव्हेन्यू फॉशला, जर्मनांच्या पॅरिसमधल्या गुप्तचर मुख्यालयात नेल्यावर लगेच म्हणाली मला आंघोळ करायचीय, दार पूर्ण लावून घेऊ द्या, आणि खिडकीतून बाहेर पन्हाळीवर. धरून आणली. नोव्हेंबरात आणखी दोन कैद्यांबरोबर छतावरून पळाली, नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, मोजणी झाली, पुन्हा पकडली. पळणार नाही असं लिहून द्या म्हणाले, नाही दिलं. तिने कुणाचं नाव सांगितलं नाही हे तिथल्या जर्मन प्रमुखानेच नंतर जबानीत कबूल केलं.

पण तिची वही सापडली. पाठवलेले सगळे संदेश तिने नीट उतरवून ठेवले होते. सूचनेत संदेशांच्या फाइलिंगची काळजी घ्या असं होतं, तिने ते ऑफिसात घेतात तसं घेतलं. ही चूक तुम्ही सगळ्यांनी दडवलीत. का दडवली? आपली हिरॉइन चुकली हे दाखवलं तर ती लहान होईल असं वाटतं का तुम्हाला? माझ्या भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मी पण तसंच केलं असतं. त्या क्षणी पहिल्यांदा नूर तिला कळली असं मला वाटतं.

त्या वहीच्या जोरावर जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी बोलायला सुरुवात केली. संदेश यायला लागले, आणि लिओ मार्क्सने पुढे लिहून ठेवलंय त्याप्रमाणे त्यात किल्ली आली ती अठरा अक्षरांची. त्याने वर सांगितलं. बकमास्टरला पटलं नाही. पोरगी आधीही चुकायचीच की कोडिंगमध्ये. म्हणजे बघा, तिच्या चुकांची कीर्ती इतकी, की तिची हाक पण चूक धरली गेली.

मग १९४४ च्या फेब्रुवारीअखेर तिच्या त्या रेडिओवरून ठरलेल्या जागी लंडनने विमानातून माणसं उतरवली, खाली स्वागताला गेस्टापो. त्यात एक होती मादलेन दामरमाँ, पोस्टमास्तरची मुलगी, आधी फ्रान्समध्ये पडलेल्या वैमानिकांना लपवून सीमेपार पोचवायचं काम केलेली. पॅराशूट जमिनीला लागल्या लागल्या पकडली.

तर भाचे, हे तुझं उत्तर. नूरला एका बाईने पकडून दिलं हे खरं असेल, पण तिच्यानंतरचे जे गेले ते लंडनला ऐकायचं नव्हतं म्हणून गेले. आणि घरी आईला? खुशाली. मागितलं होतं तसंच.

नूरला नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीला जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात पाठवलं. हातापायात साखळ्या, एकटी, दहा महिने. कुणाला सांगायचं नाही, कुठे नोंद ठेवायची नाही, धुक्यात विरघळवून टाकायचं अशा वर्गातली कैदी. जेवणाच्या भांड्यांच्या तळाला तिने काहीतरी टोकदार घेऊन कोरून ठेवायला सुरुवात केली, कारण ती भांडी दुसऱ्या कोठड्यांतून फिरायची. काही फ्रेंच कैदी बायकांच्या ते लक्षात आलं, त्याही कोरून उत्तर द्यायला लागल्या. तिने लिहिलेलं नाव होतं नोरा बेकर, आईचं माहेरचं आडनाव लावून. ४ टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन, हा पत्ता. ४ जुलैला लिहिलं, चार जुलै चिरायू होवो. दहा दिवसांनी लिहिलं, चौदा जुलै चिरायू होवो. एकदा आईच्या देशाचा सण, एकदा फ्रान्सचा. जेवणाच्या भांड्यावर, हातकड्या घातलेल्या हातांनी. आणि तुम्ही मला सांगता बॅकग्राउंडला ढोल पाहिजेत.

सप्टेंबरात तिला तिथून काढून तिघीजणींबरोबर रेल्वेने नेलं. योलांद बीकमन, एलियान प्लूमन आणि ती मादलेन दामरमाँ. होय, तीच, नूरच्या नावाने बोलावलेली. या तिघींचं नाव तुमच्या एकाही व्हिडिओत नाही, नूर जणू एकटीच मेली. बरोबर असलेल्या गेस्टापोच्या माणसाने जबानीत सांगितलं की त्यांना खिडकीजवळ बसू दिलं होतं आणि त्या गप्पा मारत होत्या. अशा माणसाच्या जबानीवर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, पण दहा महिने एकटीने काढल्यावर शेजारी आपली भाषा बोलणाऱ्या मुली बसल्यात, खिडकीबाहेर डोंगर सरकतायत, एवढं मला खरं वाटतं. त्या दोन मादलेनींनी एकमेकींना काय सांगितलं असेल यावर मी रात्री विचार करते कधीकधी. १३ सप्टेंबर १९४४ च्या सकाळी डाखाउच्या छळछावणीत चौघींना गोळ्या घातल्या. नूर तीस वर्षांची. शेवटचा शब्द "लिबेर्ते", म्हणजे स्वातंत्र्य, होता हे नंतरच्या सांगोवांगीतून आलंय, तुम्ही तो नटीच्या आवाजात, इकोसकट दिलाय.

युद्ध संपल्यावर व्हेरा अॅटकिन्स आपल्या हरवलेल्या मुलींचा माग काढत जर्मनीभर फिरली. आधी निष्कर्ष निघाला की नूर नात्सवायलरच्या छावणीत जुलैमध्येच मारली गेली, घरी तसं कळवलंही. ते चुकीचं होतं, तिथे गेलेली मुलगी दुसरीच होती. बरोबर काय ते कळलं १९४७ साली, आणि त्या उलगड्याच्या मुळाशी कोण होतं, तर फोर्झहाइमहून जिवंत सुटलेली एक फ्रेंच कैदी, जिने भांड्याच्या तळाशी वाचलेलं नाव आणि पत्ता लक्षात ठेवला होता.

तिला जॉर्ज क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं ते शौर्याचं मेडल, एप्रिल १९४९ मध्ये जाहीर झाला. आई त्याच वर्षी गेली. फ्रान्समध्ये व्हॅलाँसेला स्मारक आहे, फ्रान्स विभागाच्या १०४ जणांची नावं आहेत तिथे, तेरा बायका. त्यातल्या बाकी बारा जणींवरही तुमच्याकडे व्हिडिओ होतील की, वाघ नसला म्हणून काय झालं.

लंडनला गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ पासून नूरचा पुतळा आहे, आणि जवळच टॅव्हिटन स्ट्रीटवरच्या त्या चार नंबरच्या घरावर २०२० मध्ये निळी पाटी लागली, नामवंत माणसं राहिलेल्या घरांवर लावतात ती. भाचीने परवा स्ट्रीट व्ह्यूवर तो पत्ता टाकून बघितला आणि मला फोन केला. म्हणाली, मावशी, साधंच घर आहे गं, शेजारच्यांसारखंच. मग बराच वेळ काही बोलली नाही, फक्त माउस फिरवल्याचा आवाज येत होता.

आपली,
एक मावशी

ता.क. तो एआयने हलवलेला फोटो, ज्यात ती कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावते, तो आज काढा. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल.